उसना विस्तव

कसबा पेठ, पुणे
४ फेब्रुवारी १९६३

सौ. पद्मजावहिनींस,

आपल्या मागच्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर लिहितो. घर अजून गेलेलं नाही.

मागच्या रविवारी एक शाळामास्तर आणि त्यांच्या पत्नी बघायला आले होते. ओटा आवडला. पुढची खोली आवडली. नवीन कौलं बघून समाधान वाटलेलं दिसलं. माजघरात थोडा वेळ उभे राहिले आणि मग कळवतो म्हणाले. भिंतींना अजून ओल आहे. एकसष्टच्या पुराचं पाणी छातीच्या वर गेलेल्या भिंती इतक्या लवकर वाळत नाहीत. मला वाटतं, लोकांना ती ओल दिसते.

बाकी गल्ली हळूहळू उभी राहते आहे. कोपऱ्यावरचा न्हावी परत आला. कुंभारवाड्यात मुक्ताबाईंची भट्टी पुन्हा पेटते आहे. पण नदीकडच्या अंगाला पाच-सहा घरांना कुलपं आहेत. गेलेली माणसं नव्या वसाहतींत रमली. गल्लीत माणसं यायला हवीत, असं सगळेच म्हणतात.

घराची काळजी करू नये. रोज कचेरीतून आलो की दारं-खिडक्या उघडून ठेवतो. माजघरातल्या कोनाड्यात दिवा लावतो आणि कुलूप लावून येतो. शरच्चंद्ररावांची प्रकृती कशी आहे? त्यांचं अक्षर बरेच दिवसांत बघितलं नाही.

अनंत


नाशिक
१२ फेब्रुवारी १९६३

अनंतभावजी,

तुमच्या त्या ओलीचं मला मोठं कौतुक वाटतं. माणूस घरात शिरतो तेव्हा ती नसते. तुम्ही त्याच्याशी दोन शब्द बोललात की भिंतीतून पाझरायला लागते.

ते मास्तर आमच्या उल्काच्या सासरच्यांचे शेजारी निघाले. पुण्यात बातमीला पाय लागत नाहीत, नातेवाईक पुरतात. उल्का म्हणाली, "मामी, त्यांना घर पसंत होतं. पण शेजारचे गृहस्थ म्हणाले, माझी पत्नी पुरात याच खोलीत गेली." त्याआधीचे आपटे? त्यांनाही हेच सांगितलंत ना? आणि त्याआधीचे ते पेढीवाले?

मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही. पण विचारल्याशिवाय सांगायचा तुमचा स्वभाव कधीपासून झाला? दहा वर्षं शेजारी राहिलात, तुम्हाला आमटीत मीठ कमी लागलं तरी कुसुमला ते आमच्याकडून कळायचं.

एक लिहिते, रागावू नका. तुम्ही रोज माझ्या घरात दिवा लावता आणि तसं प्रत्येक पत्रात लिहिता. ते का, हे मला कळत नाही असं नाही. मी आईच्या दुखण्यासाठी इकडे आले तेव्हा किल्ली कुसुमच्या हातात दिली. "मी येईपर्यंत घराकडे बघ, संध्याकाळी दिवा लाव," म्हटलं. ती मुक्ताबाईंबरोबर वरच्या आळीला सुखरूप पोचली होती. तिथून माघारी फिरली ती माझे देव आणायला. हे मी विसरले आहे असं वाटतं का तुम्हाला? रोज दिवा लावून आठवण द्यायला हवी?

ह्यांना झोप लागत नाही. घर आमच्या नावावर आहे तोवर लागणार नाही, असं ते म्हणतात. कृपा करा.

पद्मजा


कसबा पेठ, पुणे
२० फेब्रुवारी १९६३

सौ. पद्मजावहिनींस,

उल्काने सांगितलं ते खरं आहे. तिघांनाही मी सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

घेणाऱ्याला माहीत असावं म्हणून आपण सांगतो, अशी माझी समजूत होती. आपलं पत्र आल्यावर विचार केला. मास्तर गेले तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी नेहमीप्रमाणे दिवा लावला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो. घर विकलं गेलं तर मला तिथे जाऊन बसता येणार नाही. माझ्या घरात कुसुमची भांडी आहेत, पातळं आहेत, पण ती तिथे नसते. का ते मला सांगता येत नाही. खरं बोलून मी आपलं घर अडवून ठेवत होतो. याची मला लाज वाटते.

दिव्याबद्दल आपला गैरसमज झाला आहे. आपण येईपर्यंत लावीन असं तिने कबूल केलं होतं. तिचं राहिलेलं काम म्हणून मी ते करतो. त्यात आपल्याला बोल लावायचा विचार माझ्या मनात आला नाही. यापुढे पत्रात लिहिणार नाही.

पुढच्या गिऱ्हाइकाला मी काही सांगणार नाही. शब्द देतो.

अनंत


नाशिक
२ एप्रिल १९६३

अनंतभावजी,

घर गेलं. उल्काच्या यजमानांनी सगळं जमवलं. खरेदीखतावर सही करून हे घरी आले आणि कोट न काढताच झोपाळ्यावर झोपले.

घेणारे वारज्याचे आहेत. मुलगा बजरंग, खडकीला कारखान्यात लागला आहे. त्याची बायको मैना आणि आई सरुबाई. वडील नाहीत. शेतीच्या वाटण्या झाल्या, त्यांनी आपला वाटा चुलत्याला देऊन टाकला आणि त्यावर हे घर घेतलं. म्हणजे परत जायला आता त्यांना तिकडे काही नाही. माणसं साधी वाटली. उल्काकडे भेटलो तेव्हा सरुबाईंनी मला एकच विचारलं, "शेजार कसा हाय?" मी म्हटलं, "शेजार चांगला आहे, बोलत नाही एवढंच."

अक्षय्य तृतीयेला राहायला येतील. आता तुमचं काम. आम्ही बावन्न साली आलो तेव्हा कुसुमने काय केलं ते आठवतं? सामान उतरायच्या आत ती खापरात विस्तव घेऊन दारात उभी. "गल्लीत नव्या घराची पहिली चूल शेजारच्या विस्तवावर पेटते, काडेपेटी ठेवा आत." मी नवी नवरी, मला वाटलं पुण्यात काड्या महाग असतील. मग पाण्याची घागर आणि पिठलं-भाकरी. आपल्या गल्लीने कोणाला याच्याशिवाय घरात घेतलेलं नाही.

तेवढं त्यांचं करा. कुसुम असती तर तिने केलंच असतं. आणि दिलेला शब्द पाळा.

पद्मजा


कसबा पेठ, पुणे
२९ एप्रिल १९६३

सौ. पद्मजावहिनींस,

मंडळी ठरल्या दिवशी आली. किल्ली दिली. दोन बैलगाड्या सामान होतं. ज्वारीची पोती, एक लाकडी पलंग आणि तुळशीचं रोप.

विस्तवाचं मात्र अवघड झालं. कुसुम गेल्यापासून मी खानावळीत जेवतो. सकाळचा चहाही बाहेर घेतो. माझ्या चुलीत दीड-पावणेदोन वर्षांत जाळ झालेला नाही. आदल्या दिवशी पेटवून बघावी म्हणून बसलो. फुंकणी हातात घेतली आणि पुढे काही करता आलं नाही. म्हणून सकाळी खापर घेऊन मुक्ताबाईंकडे गेलो.

त्या म्हणाल्या, "कशाला हवा विस्तव?"

मी म्हणालो, "नवे लोक येताहेत. त्यांना द्यायचा आहे."

"आवो, तुमची सोताची चूल मसणात गेलीय, आन् दुसऱ्याची पेटवायला निघालात?" असं म्हणाल्या, पण भट्टीतले निखारे दिले. वर राख घालून दिली. "पळत जा. आन् तुमचाच म्हणून द्या. माझा दिला तर शेजारचा कसा व्हईल?"

तसं केलं. सरुबाईंनी पदर डोक्यावर घेऊन दोन्ही हातांनी खापर घेतलं. म्हणाल्या, "तुमच्या चुलीचा हाय न्हवं? लई झालं भाऊ. आता आमी गल्लीचे." मी हो म्हणालो. घागर मी स्वतः भरून नेली होती. पिठलं-भाकरी खानावळीतून आणली. ती मात्र त्यांनी ओळखली. मैना हसली आणि सरुबाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं.

संध्याकाळी त्यांच्या माजघरात बसवून मला जेवायला वाढलं. सरुबाईंनी सहज विचारलं, "तुमच्या मालकीणबाई?" मी सांगितलं, पुरात गेल्या. "घरातच?" मी परत हो म्हणालो. घर कोणतं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ताट कोनाड्याच्या समोर मांडलेलं होतं.

शब्द पाळला आहे. पण त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही.

अनंत


नाशिक
८ मे १९६३

अनंतभावजी,

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. पिठलं-भाकरीच्या ठिकाणी हे हसले. बरेच दिवसांनी हसले म्हणून तुम्हाला कळवते.

विस्तव उसना होता तर होता. कुसुमनेही एखाद वेळी मुक्ताबाईंचाच आणला असेल, आपण कुठे विचारलं होतं? तुम्ही फार चिरत बसता प्रत्येक गोष्ट. आता ते घर त्यांचं. तुम्ही खानावळ सोडा आणि चूल पेटवा, एवढंच माझं म्हणणं.

मीही सगळं तुम्हाला सांगते असं समजू नका. पुरानंतर तुम्ही पाठवलेले देव मी अजून पूजेत मांडलेले नाहीत. फडक्यात होते तसे ट्रंकेत आहेत. ह्यांना सांगितलं आहे की देव्हारा करायला टाकलाय. सुताराला आता दीड वर्ष होईल.

पद्मजा


कसबा पेठ, पुणे
२ सप्टेंबर १९६३

सौ. पद्मजावहिनींस,

मधे पत्र लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही.

खानावळ सुटली, पण चूल पेटवून नाही. सरुबाई रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर मला भाकरी वाढतात. नको म्हटलं की म्हणतात, "तुमच्या विस्तवावर भाजली, तुमाला नको म्हणून कसं चालंल?"

पावसाच्या आधी त्यांनी घराला चुना दिला. कोनाड्यातली काजळी बघून मला विचारलं, "ही कशाची हो? मागल्या माणसांची?" मी म्हणालो, असेल. त्यांनी ती खरवडली आणि वरून चुना मारला. आता तिथे बजरंगच्या दाढीचं सामान असतं. खाली पायपुसणं असतं. ओट्यावर जेवायला बसलो की दारातून समोर तेच दिसतं. त्यांची काही चूक नाही. म्हणून बघत राहतो.

आज लिहिण्याचं कारण असं. मैनाला दिवस गेले आहेत. कार्तिकाच्या सुमाराला बाळंत होईल. तिला आई नाही, त्यामुळे बाळंतपण इथेच. आणि खोली माजघरच ठरली आहे, वारा लागत नाही म्हणून. काल सरुबाईंनी मला बोलावून दाखवलं. बाज कुठे घालायची, शेगडी कुठे. बाज कोनाड्याखालीच येते आहे. त्यांनी विचारलं, "बरी हाय न्हवं जागा?"

मी बरी आहे म्हणालो आणि घरी आलो.

आपण या गोष्टी मानता की नाही मला माहीत नाही. मी मानत नाही असं समजत होतो. पण पहिलटकरणीची बाज कोणत्या जागी पडते आहे हे तिच्या सासूला माहीत नाही आणि मला माहीत आहे. उद्या मुलीला काही झालं तर त्यांनी कोणाकडे बघायचं? आणि काही झालं नाही, तरी मी त्यांच्याकडे कसा बघू?

मला शब्दातून मोकळं करावं.

अनंत


नाशिक
९ सप्टेंबर १९६३

अनंतभावजी,

नाही. मोकळं करणार नाही.

सांगून काय होईल ते मी तुम्हाला सांगते. त्या बाई घाबरतील. पोरगी घाबरेल आणि भरल्या पोटी घाबरेल. बजरंग इथे येऊन ह्यांच्यापुढे उभा राहील आणि म्हणेल, फसवलंत. आणि खरंच आहे ते. मग आम्ही काय करायचं? त्यांनी कुठे जायचं? वारज्याला त्यांची चूल नाही, तुम्हीच बघताय.

आणि एक विचारते. तुम्हाला खरं सांगायचं आहे, की ती खोली परत हवी आहे? मागे तिघांना सांगितलंत तेव्हा काय हवं होतं ते तुम्हीच कबूल केलंत. आता चौथ्यांदा मनात काय आहे, हे एकदा कुसुमच्या फोटोपुढे बसून बघा.

बाळंतपणाला चांगली सुईण बघा. मुक्ताबाईंच्या ओळखीची आहे. दुसरं काही करू नका.

पद्मजा


कसबा पेठ, पुणे
१८ ऑक्टोबर १९६३

सौ. पद्मजावहिनींस,

आपण म्हणालात तसं बसून बघितलं. खोली हवी आहे का? हो, हवी आहे. अजूनही. ते कळल्यावरही बरेच दिवस त्यांच्या ओट्यावर जेवत राहिलो. मग असं वाटलं की माझ्या मनात खोट आहे म्हणून त्यांनी अंधारात राहावं, हेही बरोबर नाही. शब्द मोडला आहे. आपली क्षमा मागतो.

मैना नळावर गेली होती. सरुबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. मी पायरीवर उभा राहून सांगितलं, "सरुबाई, माझी पत्नी माझ्या घरात गेली नाही. तुमच्या माजघरात गेली."

त्यांनी सूप थांबवलं नाही. पाखडता पाखडता विचारलं, "कुठं माजघरात?"

"कोनाड्याखाली सापडली."

"आन् ती काजळी?"

"मी रोज दिवा लावत होतो. तुम्ही येईपर्यंत."

"मी इचारलं तवा काय बोललात?"

"असेल, म्हणालो."

"मागल्या माणसांची असंल म्हनालात. तुमचंच मानूस की ते!" तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. "साबण ठिवला मी तिथं पोराचा. केसं पडत्यात त्याची रोज. खाली पाय पुसतोय आमी. आन् तुमी हितं बसून भाकर खाताय आन् बघताय. एक डाव तरी म्हनायचं, सरुबाई, तेवढं पायपुसणं सरकवा."

मी म्हणालो, "तुम्ही घाबराल, निघून जाल असं वाटलं."

"जाऊ कुठं? रान दिराला दिलं." मग म्हणाल्या, "विस्तव तरी तुमचा व्हता का?"

मी म्हणालो, "नाही. मुक्ताबाईंचा होता."

त्या उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दिवसा त्यांचं दार कधी लागत नाही.

त्याला दहा-बारा दिवस झाले. माझी भाकरी बंद आहे आणि ते योग्य आहे. बजरंग समोरून गेला तरी मान खाली घालून जातो. मैना तेवढी नळावर भेटली की पूर्वीसारखी हसते. तिला सांगितलं आहे की नाही, मला कळत नाही. तिची बाज उन्हात काढून ठेवलेली दिसते. आत गेलेली नाही.

बजरंग आपल्याकडे आला तर सगळा दोष माझ्यावर घालावा.

अनंत


नाशिक
२६ ऑक्टोबर १९६३

अनंतभावजी,

बजरंग आला नाही. मी रोज दारात बघते. आला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

तुमचं पत्र ह्यांच्या हाती पडलं. आजवर तुमची पत्रं मी वाचून दाखवत होते, सोईचं तेवढं. ह्या वेळी त्यांनी स्वतः वाचलं आणि म्हणाले, "अनंताने बरोबर केलं. आपण केलं नाही." मग ट्रंक उघडायला सांगितली. सुताराचं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

तुम्हाला मी खोलीवरून बोलले. ते बोलणं मागे घेत नाही, कारण खरं होतं. पण मला ते बोलायचा अधिकार नव्हता. मी तर त्या गल्लीत पुरानंतर पाऊलच टाकलं नाही. घर विकलं तेही उल्काच्या ओसरीवर बसून. तुम्ही निदान रोज आत जात होता.

त्या पोरीचं काय झालं ते लगेच कळवा.

पद्मजा


कसबा पेठ, पुणे
१७ नोव्हेंबर १९६३

सौ. पद्मजावहिनींस,

मैना सुखरूप आहे. मुलगी झाली. माझ्या घरात झाली.

तसं झालं ते असं. आपलं पत्र आलं त्याच सुमाराला एका सकाळी सरुबाई कडी न वाजवता आत आल्या. सरळ माझ्या माजघरात गेल्या, चारी भिंती बघितल्या आणि म्हणाल्या, "हे रिकामं करा."

मी विचारलं, "कशासाठी?"

"बाळंतीण हितं ठिवायची. तुमची बायको भली व्हती, मुक्ताबाईनं समदं सांगितलं. दुसऱ्याचं देव आणाया गेलेली बाई माझ्या सुनंचं वाईट करायची न्हाई. दिवसा मला हे पटतंय. पर दिवस कलला की पटत न्हाई, काय करू? मन हाय. चूक तुमी केली, जागा तुमी द्या."

मी म्हणालो, "कुसुमचं सामान आहे सगळं."

"मग उचला. का मी उचलू?"

मी उचललं. तिची पातळं, तिचा पाट, तिची फणीकरंड्याची पेटी. दोन वर्षांत मी त्यातलं काही हलवलं नव्हतं. उचलताना वाटलं, परक्या बाईने हुकूम केला म्हणून मी हे करतो आहे, स्वतःहून कधीच केलं नसतं. सगळं पुढच्या खोलीत आणलं. मीही आता पुढच्या खोलीत असतो. माझ्याच घरात आत जायचं तर खाकरून विचारावं लागतं.

त्याच दिवशी सरुबाई खापर घेऊन आल्या आणि माझी चूल पेटवली. म्हणाल्या, "हा विस्तव कुणाचा म्हून इचारू नका. माझाच हाय." मुक्ताबाई दारात उभ्या होत्या. त्या हसल्या ते पार कुंभारवाड्यात ऐकू गेलं असेल.

घरात ओवा-शेपेचा धूर आहे. सगळीकडे दुपटी वाळत असतात. मुलीचा आवाज मोठा आहे. नाव ठरलेलं नाही. कुसुमचं नाव ठेवू नका, असं मीच संकोचाने सांगितलं. सरुबाई म्हणाल्या, "ठिवायचं म्हनालं कोन?"

आता एक सांगायचं आहे. मुलगी झाली त्या दिवशी सुईणीला आणायला, पाणी तापवायला, बजरंगला कारखान्यातून बोलवायला मी धावत होतो. संध्याकाळी जरा ओट्यावर टेकलो तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून मला कुसुमची एकदाही आठवण झाली नाही. असा दिवस ती गेल्यापासून गेला नव्हता. मला फार अपराधी वाटलं. तशीच मान वळवून शेजारी बघितलं. त्यांचं दार उघडं होतं. कोनाड्यात दिवा होता.

मी सरुबाईंना विचारलं, आज कोणी लावला? त्या म्हणाल्या, "आज न्हाई, तुमी सांगितलं त्या दिवसापासनं लावतोय. दार लावून. राग तुमच्यावर व्हता, तिच्यावर कशापायी काढू?"

मग म्हणाल्या, "पर किती दिस लावायचा? त्या बाई येईस्तोवर असं कबूल केलं व्हतं न्हवं तिनं? मग त्यांना या म्हनावं. दिवा आमी शांत न्हाई करायचा. ज्यांच्यासाठी लावला त्यांनी येऊन सांगायचं, आता पुरे, आले मी."

पुढच्या रविवारी बारसं आहे. त्यांच्या वतीने मी आपणा दोघांना बोलावतो आहे. किल्ली घ्यायला माझ्याकडे थांबायची गरज नाही. दार उघडं असतं.

अनंत


नाशिक
२० नोव्हेंबर १९६३

अनंतभावजी,

कार्ड मिळालं की सरुबाईंना सांगा, येते. शनिवारच्या एस.टी.ने निघते. हेही येतो म्हणतात. स्टँडवर पोचेपर्यंत मी ते खरं धरणार नाही, तुम्हीही धरू नका.

बाळासाठी झबलं आणि अंगडं शिवलं आहे. देव पूजेत मांडले, म्हणून ते आणत नाही. त्यांना एकदा प्रवास झाला तेवढा पुरे.

एक काम करा. गल्लीच्या तोंडाशी, त्या न्हाव्याच्या दुकानापाशी, कोणाला तरी उभं ठेवा. तिथपर्यंत मी येईन. तिथून पुढे माझ्याच्याने एकटीने येववणार नाही. सरुबाई आल्या तर बरं. त्यांना म्हणावं, विस्तव नको, नुसता हात द्या.

पद्मजा